लिस्बनला दिलेला शब्द

(दृश्य : तेजू नदीचा काठ, चढावरून येणारी पिवळी ट्रॅम.)

ही तेजू नदी. लिस्बनपाशी ती इतकी रुंद होते की नवख्या माणसाला ती खाडीच वाटावी. याच शहरात 18 सप्टेंबर 2002 रोजी पोर्तुगीज पोलिसांनी पाकिस्तानी पासपोर्टवर खोट्या नावाने राहणाऱ्या एका माणसाला ताब्यात घेतले. तो अबू सालेम निघाला. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातला हा फरारी आरोपी होता आणि त्याच्यासाठी इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस निघालेली होती. लिस्बनमधल्या या अटकेपासून मुंबईच्या विमानतळापर्यंतच्या प्रवासाला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातला बराचसा वेळ कागदांनी घेतला, आणि ते कागदच या चित्रफितीचा विषय आहेत.

(दृश्य : दिल्ली, साउथ ब्लॉकचा सज्जा. राजपत्राची पाने.)

पहिली अडचण अशी होती की भारत आणि पोर्तुगाल यांच्यात त्या वेळी प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. गोव्याच्या प्रश्नावरून 1955 मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध 1974 च्या अखेरीस पुन्हा जुळले होते, पण गुन्हेगारांच्या देवाणघेवाणीचा विचार दोन्हीकडे कुणी केला नव्हता. मग आधार शोधला गेला तो बॉम्बहल्ल्यांच्या दहशतवादाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी 1997 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा, आणि जोडीला पारस्परिकतेच्या तत्त्वाचा, म्हणजे आज तुम्ही आमचा आरोपी द्या, उद्या आम्ही तुमचा देऊ, या भरवशाचा. 13 डिसेंबर 2002 रोजी भारताने राजपत्रात अधिसूचना काढून 1962 चा आपला प्रत्यार्पण कायदा पोर्तुगालला लागू केला.

दुसरी अडचण शिक्षेची होती आणि ती अधिक खोल होती. पोर्तुगालने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्ये आणि जन्मठेप 1884 मध्ये रद्द केली. आजही तिथे 25 वर्षांपेक्षा अधिक कैद देता येत नाही. जिथे या शिक्षा होऊ शकतात अशा देशाच्या हाती आरोपी सोपवायचा, तर त्या देशाच्या सरकारने आधी लेखी शब्द द्यायला हवा, असा तिथला दंडक आहे. 17 डिसेंबर 2002 रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी तो शब्द दिला : सालेमला फाशी होणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. फाशी न देण्याला आपल्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम 34 'क'चा आधार होता. 25 वर्षांच्या मर्यादेबद्दल मात्र त्या कलमात अक्षरही नाही. ती मर्यादा निव्वळ भारत सरकारच्या शब्दावर उभी होती. पुढच्या मे महिन्यात लिस्बनमधल्या भारतीय राजदूतांनी आणखी एक हमी दिली, की ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी मागितला आहे त्यांखेरीज दुसऱ्या गुन्ह्यांसाठी त्याच्यावर खटला चालवला जाणार नाही आणि त्याला तिसऱ्या देशाच्या स्वाधीनही केले जाणार नाही.

एवढी कागदपत्रे हाती असूनही पोर्तुगालने घाई केली नाही. 2003 मध्ये न्यायमंत्र्यांनी विनंती ग्राह्य ठरवली, 2004 मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने संमती दिली आणि 27 जानेवारी 2005 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यार्पणावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान सालेम बनावट कागदपत्रांबद्दल तिथली शिक्षा भोगत होता. 10 नोव्हेंबर 2005 रोजी तो भारतीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचला.

(दृश्य : आर्थर रोड कारागृहाची बाहेरची भिंत, रस्त्यावरची रहदारी.)

आरोपी हाती आला आणि दिलेल्या शब्दाची धार थोडी बोथट झाली, असे म्हणावे लागते. मूळ विनंतीत नसलेली काही वाढीव कलमे त्याच्यावर लावली गेली. 2010 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात बेकायदा काही नाही असे म्हटले, पण लिस्बनने ते मानले नाही. 2011 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने भारताने अटी मोडल्याचे सांगून प्रत्यार्पणाची परवानगीच मागे घेतली आणि 2012 मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. शेवटी 2013 मध्ये सीबीआयने आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने काही आरोप मागे घेतले. जी कलमे नसती तरी खटला उभा राहिला असता, त्यांच्यापायी देशाच्या शब्दावर परदेशी न्यायालयाचा शेरा बसला. अशा शेऱ्यांचे वजन पुढच्या प्रकरणांत जाणवते. 2018 मध्ये विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या न्यायालयाला भारताचे तोंडी वर्णन पुरले नाही. त्याने याच आर्थर रोडच्या 12 क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले, तेही भर दुपारचे, आत उजेड किती येतो हे पाहण्यासाठी.

(दृश्य : मुंबई शेअर बाजार, सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा, झवेरी बाजार. निवेदन मोजके, मागे शहराचा आवाज.)

12 मार्च 1993 च्या दुपारी दीड वाजता पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. त्या दिवसाच्या साखळी स्फोटांत 257 माणसे गेली आणि 713 जखमी झाली. गुजरातमधून शस्त्रे मुंबईत आणल्याबद्दल टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 7 सप्टेंबर 2017 रोजी सालेमला जन्मठेप दिली. त्याच दिवशी दोन सहआरोपींना फाशीची शिक्षा झाली.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालयाचा घुमट, निकालपत्राची पाने उलटताना.)

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, मग 25 वर्षांच्या हमीचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरकारचा शब्द न्यायालयांना बांधत नाही, त्यामुळे दिलेली शिक्षा योग्यच आहे, पण सरकार मात्र आपल्या शब्दाने बांधलेले आहे, असा निर्वाळा न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांच्या खंडपीठाने 11 जुलै 2022 रोजी दिला. हमी पाळण्याची वेळ अजून आलेलीच नाही, 10 नोव्हेंबर 2030 रोजी येईल, असे केंद्रीय गृहसचिवांनी प्रतिज्ञापत्रात म्हटले होते. सालेमला पोर्तुगालमधला कोठडीचा काळही हिशेबात धरून हवा होता. न्यायालयाने ते नाकारले आणि मोजणी तिथल्या शिक्षेतून तो सुटला त्या दिवसापासून, म्हणजे 12 ऑक्टोबर 2005 पासून ठरवून दिली. ती वर्षे भरली की महिनाभराच्या आत सरकारने आवश्यक कागदपत्रे राष्ट्रपतींकडे पाठवायची आहेत, किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेतील शिक्षामाफीचा अधिकार त्याच मुदतीत स्वतः वापरायचा आहे.

भारत-पोर्तुगाल प्रत्यार्पण करारावर 2007 मध्ये सह्या झाल्या, म्हणजे सालेम मुंबईत आल्यानंतर.