तिजोरीतून शेताकडे

बर्फातून वर आलेला काँक्रीटचा एक सुळका म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बियाणे-तिजोरीचं दार. इथून उत्तर ध्रुव साधारण १३०० किलोमीटर. डोंगराच्या पोटात शंभरेक मीटर आत, उणे १८ अंशांत, जगभरातलं बियाणं निजलंय. वर्तमानपत्रं याला 'प्रलयाची तिजोरी' म्हणतात. नाव झकास, पण फसवं. २००८ साली तिजोरी सुरू झाली आणि सातच वर्षांत तिच्यातून बी परत काढावं लागलं. प्रलय कुठेच नव्हता. सीरियात युद्ध पेटलं होतं.

अलेप्पोच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर तेल हादिया नावाचं गाव आहे. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या 'इकार्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेची बीजपेढी इथे होती. गहू, जव, मसूर, हरभरा; विदर्भातल्या लोकांची लाखोळीसुद्धा. गव्हाची शेती सुरू झाली ती याच टापूत, त्यामुळे बांधावर आपोआप उगवणारे गव्हाचे रानटी भाऊबंदही इथे जपलेले. दिसायला गवत. पण तांबेरा रोग आला, पाऊस हुकला, की नवे वाण घडवणारे पैदासकार यांच्याच दारात येतात.

लढाई जवळ आली तसे परदेशी शास्त्रज्ञ निघाले. सीरियन कर्मचारी मात्र थांबले आणि शीतगृह चालू ठेवत राहिले. बहुतेक नमुन्यांची दुसरी पाकिटं सुदैवानं आधीच स्वालबार्डला पोचली होती.

तिथला नियम बँकेच्या लॉकरसारखा आहे. ज्याची पेटी त्यानेच मागायची. नॉर्वे सरकारलाही ती परस्पर उघडता येत नाही. २०१५ मध्ये इकार्डानं आपल्या पेट्या मागितल्या. १२८ पेट्या, ३८,०७३ नमुने लेबनॉन आणि मोरोक्कोला रवाना झाले.

खरं काम यानंतरचं, आणि त्याची बातमी होत नाही. एका पाकिटात बी ते किती? काही शे दाणे. त्यातून वाटणार काय आणि राखणार काय! म्हणून लेबनॉनच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत ते पेरलं. प्रत्येक वाणाची ओळ वेगळी, पाटी वेगळी, कापणी आणि मळणीही वेगळी. बाकला या शेंगभाजीवर तर जाळी टाकावी लागते, नाहीतर मधमाश्या या वाणाचे पराग त्या वाणावर नेतात.

२०१७ साली या पिकातलं बी स्वालबार्डला परतलं. काही लेबनॉन-मोरोक्कोच्या नव्या पेढ्यांत राहिलं. उरलेलं, मागणी येईल तसं, लहान लहान पाकिटांतून देशोदेशीच्या पैदासकारांकडे जाऊ लागलं.