लोकायुक्त: नुसती शिफारस नको, अधिकार द्या

हे मंत्रालय. ही पासची रांग, हातात फायली, पिशव्या, लांबलांबून आलेली माणसं. आणि समोर रस्त्यापलीकडे नवीन प्रशासन भवन, तिथे लोकायुक्तांचं ऑफिस, सरकारी कारभारातल्या अन्यायाच्या आणि भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणारं. रांगेतल्या कितीजणांना हे माहीत असेल?

१९७१ चा कायदा, १९७२ ला काम सुरू, देशातलं पहिलं लोकायुक्त कार्यालय महाराष्ट्राचं. तक्रार प्रतिज्ञापत्रासकट द्यायची. कारभारात अन्याय झाला असेल तर कळल्यापासून १२ महिन्यांत, भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर ३ वर्षांत. मग खात्याकडून खुलासा मागवतात, फाईल मागवतात, अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, आणि एवढं सगळं होऊन शेवटी निघते ती शिफारस. आदेश नाही. खात्याने ऐकलं नाही तर राज्यपालांकडे खास अहवाल, मग तो विधिमंडळात.

आता हे बल्लारी, कर्नाटक, लोहखनिजाच्या खाणींचा भाग. हे पोखरलेले डोंगर बघा, ही लाल धूळ, हे ट्रक. इथल्या लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस होते, हा खरा फरक. न्यायमूर्ती संतोष हेगडे लोकायुक्त होते, त्यांच्यासोबत वनाधिकारी यू. व्ही. सिंग आणि टीम. बेकायदा खाणकामाच्या चौकशीत परमिट किती टनांचं, खाणीतून निघालं किती, बंदरावर पोचलं किती, कागदाला कागद लावत गेले. बेलेकेरी बंदरावर तर जप्त केलेलं लोहखनिजसुद्धा जहाजात चढून गेलेलं! जुलै २०११ ला अहवाल आला, १६ हजार कोटींच्या वर नुकसान. त्यावरून मुख्यमंत्री येडियुरप्पांनी राजीनामा दिला, लाचेच्या खटल्यात ते २०१६ ला निर्दोष सुटले.

परत महाराष्ट्रात, हे राळेगणसिद्धी. २०१९ ला अण्णा हजारे इथे उपोषणाला बसले, लोकायुक्तांच्या नवीन कायद्याचा मसुदा करायला समिती नेमायचं आश्वासन घेऊनच उठले. विधेयक २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला विधानसभेत मंजूर झालं, विधान परिषदेत जायला अजून एक वर्ष गेलं. त्यात मुख्यमंत्रीही चौकशीच्या कक्षेत आणलेत, ही मोठीच गोष्ट आहे. पण चौकशी सुरू करायच्या आधी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागणार, म्हणजे ज्यांची चौकशी त्यांच्याच आमदारांना आधी विचारायचं. ही अट काढायलाच हवी, आणि तपासाला लोकायुक्तांची स्वतःची माणसं हवीत, खात्यांकडून उसनी आणलेली नाही.