केळ्याच्या वासामागचं पाणी

[दृश्य : कॉलेजची केमिस्ट्री लॅब. चंचुपात्रात गरम पाणी, त्यात उभी केलेली परीक्षानळी.]

या नळीत दोन द्रव आहेत आणि दोन्ही नाकाला नकोसे. एक ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. घरातलं व्हिनेगर म्हणजे याचंच पाणी घालून केलेलं सौम्य रूप. पण या बाटलीचं झाकण उघडलं की डोळे चुरचुरतात. दुसरं आयसोअमाइल अल्कोहोल. त्याचा वास घशात बसतो, ठसका लागतो. वर संहत सल्फ्युरिकचे चार-पाच थेंब. हे सगळं दहा मिनिटं गरम पाण्यात.

[दृश्य : नळी उचलून थंड पाण्याच्या बीकरमध्ये ओतली जाते. पृष्ठभागावर तेलकट तवंग.]

आणि आता वास घ्या. बीकरमध्ये नाक खुपसून नाही, हाताने वारा घेऊन. दरवर्षी या क्षणी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "सर, केळं!" खरं तर हा वास केळ्यापेक्षा केळ्याच्या गोळीच्या जास्त जवळचा आहे. खऱ्या केळ्यात याच्या जोडीला इतर कितीतरी पदार्थ असतात. पण मुख्य सूर हाच : आयसोअमाइल ॲसिटेट. ॲसिड आणि अल्कोहोल जुळून झालेला असा पदार्थ म्हणजे एस्टर. मधमाशी डंख मारते तेव्हाही हाच पदार्थ हवेत सोडते, बाकीच्या माश्यांना 'धावा' म्हणून सांगायला. तेव्हा मधाच्या पेट्यांजवळ उभं राहून केळं सोलू नका.

जर्नलमध्ये इथे एकच ओळ लिहिली जाते : 'फळासारखा सुवास आला, म्हणून एस्टर तयार झाला.' सही होते, जर्नल मिटतं. मला मात्र नेहमी वाटतं की आपण या प्रयोगात चुकीच्या पदार्थाकडे बघत बसतो. समीकरणाच्या उजवीकडे एस्टरच्या शेजारी 'अधिक पाणी' असं लिहिलेलं असतं. ते पाणी दिसत नाही, त्याला वास नाही, बीकरमधल्या पाण्यात ते मिसळूनही गेलं. पण खेळ सगळा त्याच्या हातात आहे.

[दृश्य : ॲनिमेशन. ॲसिडच्या रेणूचं टोक मोठं होत जातं.]

ॲसिडच्या टोकाला एक कार्बन आहे. त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला, दुसरा ओएच गटाच्या, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या रूपात. सल्फ्युरिक ॲसिडने दिलेला प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, त्या दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर येऊन बसतो. आता तो ऑक्सिजन कार्बनकडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढू लागतो आणि कार्बन उपाशी राहतो. अल्कोहोलच्या ऑक्सिजनजवळ इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते. ती नेमकी याच उपाशी कार्बनवर येते. क्षणभर एकाच कार्बनभोवती तीन ऑक्सिजन दाटीने उभे असतात. मग प्रोटॉन इकडचा तिकडे होतो, एका ओएच गटाचं पाणी बनतं आणि ते बाहेर पडतं. प्रोटॉनही शेवटी सुटतो आणि पुढच्या रेणूला लागतो. म्हणून थेंबभर सल्फ्युरिकवर काम भागतं. असं थोडंसं ॲसिड पुरतं हे एमिल फिशर आणि आर्थर स्पायर यांनी १८९५ मध्ये दाखवून दिलं. आजही या पद्धतीला फिशर एस्टरीकरण म्हणतात.

पण बाहेर पडलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, ॲसिडचा की अल्कोहोलचा? कागदावर दोन्ही बाजूंनी ओएच आहे, त्यामुळे दोन्ही उत्तरं तितकीच पटतात. १९३८ मध्ये आयर्विंग रॉबर्ट्स आणि हॅरॉल्ड युरी यांनी मिथेनॉलमध्ये नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा जड असा ऑक्सिजन-१८ घातला, जणू त्याच्या कपाळाला टिळा लावला, आणि ते मिथेनॉल बेंझॉइक ॲसिडबरोबर तापवलं. टिळा सापडला एस्टरमध्ये. म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन ॲसिडचा. अल्कोहोल आपला ऑक्सिजन घेऊनच सासरी येतं.

[दृश्य : दोन नळ्या शेजारी शेजारी.]

आता जर्नलमध्ये न येणारा प्रश्न. रेणूंच्या हिशेबाने एक भाग ॲसिटिक ॲसिड आणि एक भाग साधं इथेनॉल घेतलं, हवा तेवढा वेळ दिला, तर सगळ्याचं एस्टर होईल का? नाही. साधारण दोनतृतीयांश झालं की गाडी थांबते. उलटीकडून सुरुवात करा, एस्टर आणि पाणी समप्रमाणात घेऊन. एकतृतीयांश एस्टर मोडतं आणि गाडी त्याच स्टेशनावर येऊन थांबते. फ्रान्समध्ये बेर्तलो आणि पेआँ द सँ-झिल यांनी १८६२च्या सुमारास हे चिकाटीने मोजलं. वरवर थांबलेल्या नळीत दोन्ही दिशांनी काम चालूच असतं : जितके रेणू जुळतात तितकेच पाणी घेऊन सुटतात.

मग जास्त एस्टर हवं असेल तर? अल्कोहोल दहापट घाला, ९७ टक्क्यांपर्यंत जाता येतं. किंवा पाणी काढून घेत राहा. यासाठी १९२० पासून डीन-स्टार्क नावाचं काचेचं साधन आहे. मिश्रणात टोल्यूइन हा पाण्यात न मिसळणारा द्रव घालून उकळायचं. वाफेबरोबर पाणीही वर येतं, थंड होऊन बाजूच्या आकडे कोरलेल्या नळीत तळाला बसतं, आणि हलकं टोल्यूइन वरून परत फ्लास्कमध्ये ओघळतं. नळीतलं पाणी वाढायचं थांबलं की समजायचं, झालं. कुणाला सांगावं लागत नाही.

[दृश्य : मोठ्या कढईत खोबरेल तेल, वरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण.]

तेल आणि तूपही एस्टरच आहेत. ग्लिसरॉलचे तीन हात, प्रत्येकाला एक लांब स्निग्धाम्ल. कॉस्टिक सोडा घातला की हे बंध सुटतात, ग्लिसरॉल मोकळं होतं आणि आम्लांचे सोडियम क्षार राहतात. तोच साबण. ही गाडी मात्र परत फिरत नाही, कारण सोड्याने त्या आम्लाचा प्रोटॉन काढून घेतलेला असतो आणि तसं आम्ल अल्कोहोलला दाद देत नाही. सोड्याच्या ऐवजी मिथेनॉल आणि थोडा अल्कली घातला तर साबण नाही, ग्लिसरॉलच्या जागी मिथेनॉल बसलेली एस्टर मिळतात. हे एस्टर-बदल म्हणजेच ट्रान्सएस्टरिफिकेशन, आणि ते इंधन म्हणजे बायोडिझेल.

सॅलिसिलिक ॲसिडवर मात्र माझा विशेष लोभ. एकाच रेणूत ॲसिडचं टोकही आहे आणि ओएच गटही. ॲसिडच्या टोकाला मिथेनॉल जोडलं की मिथिल सॅलिसिलेट होतं. पाठ दुखताना लावलेल्या मलमाचा तो झणझणीत वास. ओएचच्या बाजूने ॲसिटिक गट जोडला की ॲस्पिरिन. फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये जर्मनीत ते शुद्ध स्वरूपात बनवलं. तिथे ॲसिटिक ॲसिड न वापरता ॲसिटिक ॲनहायड्राइड वापरतात; त्यात पाणी तयारच होत नाही, म्हणून परत फिरायची वाटही राहत नाही. पण ॲस्पिरिनची जुनी बाटली पावसाळ्यात उघडून बघा. व्हिनेगरचा वास येतो. हवेतला ओलावा आत शिरला आणि त्याने बंध सोडवला.

[दृश्य : दोरीवर वाळत घातलेले शर्ट.]

आणि हा टेरीकॉटचा शर्ट. टेरेफ्थॅलिक ॲसिडला दोन्ही टोकांना ॲसिड, इथिलीन ग्लायकॉलला दोन्ही टोकांना अल्कोहोल. दोघांनाही दोन-दोन हात, त्यामुळे साखळी लांबतच जाते. हेच पॉलिएस्टर, म्हणजे एस्टर बंधांची लांब माळ. ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये असा धागा काढला. आपल्याकडे रायगडमधल्या पाताळगंगेला १९८०च्या दशकापासून पॉलिएस्टरचे धागे निघतात. या धंद्यातही पाण्याची धास्ती असते : पाण्याची बाटली ज्यापासून बनते ते पॉलिएस्टरचे दाणे वितळवण्याआधी कडक वाळवावे लागतात. ओलसर दाणे वितळवले तर त्या उष्णतेत पाणी साखळ्या तोडतं आणि बाटली ठिसूळ होते.

[दृश्य : गंजका, गोल, पत्र्याचा फिल्मचा डबा.]

या डब्याचं झाकण सैल केलं. कुठला वास येतोय? तोच. व्हिनेगर.

पूर्वी सिनेमाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची, भडकन पेट घेणारी. त्याऐवजी सेल्युलोज ॲसिटेट आलं, 'सेफ्टी फिल्म'. कापसाच्या सेल्युलोजच्या ओएच गटांना ॲसिटिक गट जोडून केलेलं, म्हणजे हेही एस्टर. ते सहज पेटत नाही, पण दमट हवेत पाणी आत शिरतं, ॲसिटिक ॲसिड सुटतं. आपल्या नळीतल्या सल्फ्युरिकसारखं हे सुटलेलं ॲसिड स्वतःच उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रियेला वेग देणारं बनतं, आणखी बंध सोडवतं. सुरुवातीला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, मग सगळं भराभर होतं. फिल्म आकसते, मुरडते, हाताळताना तुकडे पडतात. अभिलेखागारांत याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात, आणि पुण्यातलं १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय असो की परदेशातलं एखादं, उपाय तोच : थंड आणि कोरडी खोली.

[दृश्य : हातमोजे घातलेला हात. डब्यात निळ्या कागदाची पट्टी ठेवली जाते. झाकण लागतं.]

ही पट्टी ॲसिडला रंग बदलते. डबा बंद करून निदान एक दिवस तसाच ठेवायचा.

[दृश्य : झाकण पुन्हा उघडतं. पट्टी हिरवट-पिवळी.]

हा डबा आता इतरांबरोबर नाही ठेवायचा. याचं ॲसिड शेजारच्या रिळांना लागतं. वेगळ्या कपाटात, जास्त थंडीत, आणि स्कॅनिंगच्या यादीत वरच्या क्रमांकावर.

[दृश्य : डब्यावर खडूने खूण. कपाटाचं दार बंद.]