बंदूक ठणठणीत आहे, मग बदक पडत का नाही?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय टीव्ही गेमच्या बंदुकीबद्दल. हो, तीच ती प्लॅस्टिकची, ट्रिगर दाबला की आतल्या स्प्रिंगचा खटॅक आवाज यायचा, समोर गवतातून बदकं उडायची आणि एखादं सुटलं की कुत्रा डोकं वर काढून खी खी हसायचा. नव्वदच्या दशकात पुण्यात जे लहान होते त्यातल्या बऱ्याच जणांनी मे महिन्याच्या सुट्टीत हा गेम खेळलाय, स्वतःच्या घरी नाहीतर वाड्यात ज्याच्याकडे तो डबा असायचा त्याच्या घरी नंबर लावून, आणि कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारून परत घालायची हेही सगळ्यांना आपोआप यायचं.

आमच्या सोसायटीत एका घरी माळा आवरताना असा अख्खा सेट निघाला, बंदुकीसकट. घरातल्या मुलाने तो हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला लावला, चित्र आलं, आवाज आला, कंट्रोलरने मारिओपण चालला, पण बदक काही पडेना. नळी अगदी काचेला टेकवून झाडलं तरी नाही. मला म्हणाला, काका, बंदूक गेलीये, टाकून देऊ का? म्हटलं अजिबात टाकू नकोस, बंदुकीला काही झालेलं नाही. आणि मग जे त्याला समजावलं तेच आज तुम्हाला सांगतो, कारण दिवाळीची साफसफाई आली की अशा कितीतरी चांगल्या बंदुका भंगारात जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट म्हणजे या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. नळीच्या तोंडाशी एक भिंग असतं आणि त्याच्या मागे प्रकाश ओळखणारा छोटासा सेन्सर, बस्स. म्हणजे उजेड टीव्हीतून बंदुकीत जातो. तुम्ही ट्रिगर दाबला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, सगळा स्क्रीन काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला, नाही दिसला तर कुत्रा हसला. दोन बदकं असतील तर चौकोनही दोन, पण एकामागून एक, वेगवेगळ्या फ्रेमला, म्हणजे कोणत्या चौकोनाच्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते कळतं. एक फ्रेम म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या हिशोबाने सेकंदाचा पन्नासावा भाग, त्यामुळे आपल्याला नुसतं लुकलुकल्यासारखं वाटायचं. आधीची ती काळी फ्रेम कशासाठी, तर कोणी बल्बकडे नेम धरून फसवू नये म्हणून. १९७२ साली आलेल्या मॅग्नावॉक्स ओडिसी या टीव्ही गेमच्या रायफलला ही अक्कल नव्हती, ती खोलीतल्या दिव्याकडे धरली तरी नेम लागला असंच समजायची. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८४ साली डक हंट, म्हणजे आपला हा बदकांचा गेम, आणला तोपर्यंत ही पळवाट बुजवलेली होती.

आता जुना टीव्ही आणि नवा टीव्ही यात नेमका फरक काय ते बघू. जुन्या डब्बा टीव्हीत काचेच्या ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो आणि तो एकेक ओळ करत वरून खाली चित्र रंगवतो, जिथे झोत पडतो तिथला ठिपका क्षणभर झगझगतो आणि लगेच मंदावतो. घरात ट्यूबवाला टीव्ही अजून असेल तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचा व्हिडिओ काढून बघाच. तुम्हाला पूर्ण चित्र दिसणारच नाही, एक उजळ पट्टा वरून खाली सरकताना दिसेल, बाकी सगळा अंधार. पूर्ण चित्र आपल्या डोळ्यात तयार होत असतं! सिग्नल आला की त्याच क्षणी तो काचेवर, मध्ये साठवणं नाही की थांबणं नाही. बंदूक याच गोष्टीवर विसंबून आहे.

नव्या टीव्हीत सिग्नल आधी आत साठवला जातो, मग आतली चिप ते जुनं दोनशे-अडीचशे ओळींचं चित्र ताणून फोर केची २१६० ओळींची काच भरते, कडा गुळगुळीत करते, रंग खुलवते आणि मग दाखवते. यात सेकंदाचा विसावा भाग जरी गेला तरी पांढरा चौकोन काचेवर येईपर्यंत गेमने निकाल लावून टाकलेला असतो. बरं, टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावला तर? मोड लावल्याने हा उशीर बराच कमी होतो, कंट्रोलरने खेळायला मस्तच, पण बंदुकीला उशीर चालतच नाही, थोडासुद्धा. त्यातून अजून एक अडचण आहे. ट्यूबवर सेकंदाला साधारण पंधरा हजार ओळी रंगवल्या जातात, आणि निन्टेन्डोच्या मूळ बंदुकीतलं सर्किट त्याच वेगाने लुकलुकणारा उजेड ओळखायला बनवलेलं आहे, म्हणजे ट्यूबलाइट वगैरेने ते गंडत नाही. नव्या टीव्हीच्या एलसीडी काचेचा उजेड तसा लुकलुकतच नाही, त्यामुळे उशीर शून्य झाला असता तरी बंदुकीला तो टीव्ही म्हणून ओळखू आला नसता.

पुढे सोनीच्या प्लेस्टेशन या टीव्ही गेमच्या काळात नामको कंपनीची गनकॉन बंदूक आली, टाइम क्रायसिस गेमवाली, आणि माझ्या मते या सगळ्यातली ही सगळ्यात हुशार बंदूक. ती टीव्हीच्या पिवळ्या व्हिडिओ केबललाच जोडायची. चित्राची पहिली ओळ कधी सुरू झाली ते तिला केबलमधून कळायचं, आणि नळीसमोरून झोत कधी गेला ते भिंगातून. मधला वेळ मोजला की झालं काम! एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे किती ओळी झाल्या आणि शेवटच्या ओळीत झोत कुठवर पोचला होता यावरून नेम कुठे आहे ते थेट कळतं, चौकोन वगैरे काढायची गरजच नाही. विचार करा, खेळण्यातली बंदूक मायक्रोसेकंदात वेळ मोजतेय! पण एलसीडीवर समोरून जाणारा झोतच नाही, मग मोजणार काय.

मग आता करायचं काय? माझं मत सरळ आहे, जागा असेल तर ट्यूबवाला टीव्ही ठेवा. नवीन आता दुकानात मिळत नाहीत, पण रविवारी आणि बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली तर एखादा दिसू शकतो, नाहीतर नातेवाइकांकडे विचारा, कोणाच्या तरी गॅलरीत चादर टाकून ठेवलेला असतोच. घेताना चालू करून बघा, कोपऱ्यात रंगाचे डाग पडलेत का बघा, मागे पिवळी-पांढरी एव्ही पिन आहे का बघा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, शेवटच्या काळात १०० हर्ट्झ लिहिलेले भारीतले ट्यूब टीव्ही आले होते, ते घेऊ नका, कारण तेही चित्र आधी साठवून मग दाखवतात आणि त्यांच्यावरही बदक पडत नाही. चौदा नाहीतर एकवीस इंची साधा टीव्ही बेस्ट. उचलताना काचेची बाजू छातीकडे धरा, सगळं वजन पुढे असतं. आणि मागचं झाकण कृपा करून कोणी उघडू नका, आत वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये राहू शकतो, ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकलाच करू द्या.

ज्यांच्याकडे जागा नाही, वन बीएचकेत कुठे ठेवणार तो डबा, त्यांनी बंदूकच बदलायची. हल्लीच्या बंदुका टीव्हीच्या झोताकडे बघतच नाहीत, त्यांच्यात कॅमेरा असतो. सिंडेन नावाची एक आहे, ती स्क्रीनभोवती पांढरी चौकट काढायला लावते, कॅमेरा ती चौकट शोधतो आणि ती किती तिरकी, किती लहान दिसतेय त्यावरून नेम काढतो, टीव्ही कसलाही चालतो, प्रोजेक्टरसुद्धा. दुसरा प्रकार इन्फ्रारेडचा, टीव्हीभोवती चार एलईडी लावायचे, रिमोटच्या टोकाला असतात तसलेच, डोळ्याला न दिसणारे, आणि बंदुकीतला कॅमेरा फक्त तेवढेच ठिपके बघतो. हातात सोल्डरिंग गन धरता येत असेल तर ही घरीसुद्धा बनते, एलईडी, वायर, रेझिस्टर सगळं पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, कॅमेरा सेन्सर आणि छोटा बोर्ड ऑनलाइन मागवावा लागेल. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मुलांनी हे करून बघाच, पुस्तकातला इन्फ्रारेड एलईडी एकदा असा हाताळला की कायमचा डोक्यात बसतो. कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या टीव्ही गेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकला की जुने गेम या बंदुकीने चालतात.

निन्टेन्डोच्या वी या टीव्ही गेमच्या रिमोटचंही तत्त्व हेच, म्हणून तर २०१४ साली डक हंट परत आणला तेव्हा वी यू या पुढच्या टीव्ही गेमवर तो त्या रिमोटने खेळायचा होता. त्यात टीव्हीजवळच्या पट्टीत दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी असतात, आणि लोकांनी ती पट्टी काढून तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही खेळून दाखवलंय, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. याचाच अर्थ गणपतीत टीव्हीशेजारी समई तेवत असेल तर या इन्फ्रारेडवाल्या बंदुकीचा गोंधळ उडणार, आणि संध्याकाळचं ऊन खिडकीतून थेट टीव्हीवर येत असेल तर पडदा ओढून घ्या.

मजा येते का तितकीच? येते, पण थोडी कमी, हे मी मनापासून सांगतो. कॅमेरावाली बंदूक आधी सेट करावी लागते, बसायची जागा बदलली की कधीकधी परत सेट करा, आणि टीव्हीचा तो उशीर असतोच, ट्रिगर आणि बदक यांच्यात बारीकशी फट राहते. ट्यूबवर ती फटच नाही, खटॅक झालं की बदक खाली. ज्याने तो अनुभव घेतलाय त्याला हा फरक पहिल्या गोळीला कळतो.

आणि जाता जाता एक गंमत, ही लहानपणी फार कमी जणांना माहीत होती. डक हंटमध्ये एकेक बदक येणारा जो पहिला प्रकार आहे, त्यात बंदुकीसोबत कंट्रोलरही जोडलेला असेल तर त्याच्या बाणांनी ते बदक हवं तिकडे उडवत नेता येतं! म्हणजे एकाने नेम धरायचा आणि दुसऱ्याने बदक वाचवायचं. तर घरी सेट असेल, ट्यूब असेल, तर या रविवारी बंदूक मुलांच्या हातात द्या आणि कंट्रोलर आजोबांच्या. चला, भेटू पुढच्या वेळी, नमस्कार!