मोंढ्यातला कॅमेरा आणि त्यातला फ्लायबॅक

(दृश्य : परभणीचा मोंढा. सोयाबीनच्या राशी, वजनकाटा, लोखंडी खांबावर कॅमेरा.)

या कॅमेऱ्याकडे एकच केबल जाते, नेटवर्कची. चित्र तिच्यातूनच येतं आणि कॅमेऱ्याला लागणारी वीजही तिच्यातूनच जाते. याला म्हणतात पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई.

ही वीज 48 व्होल्टच्या आसपासची असते. कॅमेऱ्याला आत 12 किंवा 5 व्होल्टच लागतात, मग तेवढेच का पाठवत नाहीत? पीओईच्या 2003 च्या मानकातले आकडे बघा. ऑफिसातल्या नेटवर्क स्विचकडून, म्हणजे या केबली जिथे जोडतात त्या डब्याकडून, किमान 44 व्होल्टवर 350 मिलिअँपिअर, म्हणजे 15.4 वॅट निघतात. शंभर मीटर केबलचा रोध 20 ओहम धरलाय. जवळजवळ अडीच वॅट वाटेतच जिरतात आणि टोकाला 12.95 वॅट उरतात. एवढीच वीज 12 व्होल्टवर न्यायची म्हटली तर एक अँपिअरच्या वर करंट लागेल, आणि एक अँपिअरलाच या केबलमध्ये 20 व्होल्ट पडतात. कॅमेऱ्यापर्यंत काही पोचणारच नाही.

स्विचही एकदम वीज सोडत नाही. आधी जेमतेम 10 व्होल्टच्या आत राहून चाचपतो. समोर 25 किलोओहमचा रोध दिसला, तरच पूर्ण व्होल्टेज देतो. म्हणून त्याच पोर्टला चुकून साधा लॅपटॉप जोडला तरी त्याला धक्का लागत नाही.

(दृश्य : मे महिना. भेगाळलेली काळी जमीन, दूर वळवाचे ढग.)

48 चे 12 व्होल्ट करायला साधं बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज थेट कमी करणारं सर्किटही चाललं असतं. पण त्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या विजेची उणे बाजू एकच असते. आता मराठवाड्याचा उन्हाळा आठवा. जमीन वाळते, भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. कॅमेऱ्याचं धातूचं कवच खांबाला टेकलेलं, खांब या जमिनीत. स्विचची अर्थिंग तिकडे ऑफिसात. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनींमध्ये क्षणभर मोठा व्होल्टेजचा फरक तयार होतो. मधे तांब्याची सलग वाट असेल, तर तो फरक थेट तिच्यातून धावतो. म्हणून मानक सांगतं, हात लागू शकेल असा धातूचा भाग आणि केबल यांच्यामध्ये 1500 व्होल्ट एसी एक मिनिट सोसेल असं विलगीकरण हवं.

वीज पलीकडे न्यायची, पण तांब्याचा एक धागाही पलीकडे जाऊ द्यायचा नाही. हे काम फ्लायबॅक नावाचा कन्व्हर्टर करतो.

(दृश्य : कॅमेऱ्याचं बोर्ड, अगदी जवळून.)

पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेला हा ठोकळा बघा. दिसतो ट्रान्सफॉर्मरसारखा, वागतो वेगळा. मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटका, चालू झाला की प्रायमरी वाइंडिंगमधला, म्हणजे केबलच्या बाजूच्या वेटोळ्यातला करंट चढत जातो. त्या वेळी सेकंडरीकडचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूच्या वेटोळ्याकडचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) उलट्या दिशेने अडलेला असतो, पलीकडे काहीच जात नाही. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठते, आणि बरीचशी फेराइटच्या कोअरमध्ये (चुंबकीय गाभ्यात) मुद्दाम ठेवलेल्या बारीक फटीत. मॉस्फेट बंद झाला की वाइंडिंगवरचं व्होल्टेज उलटतं, डायोड उघडतो आणि साठलेली ऊर्जा सेकंडरीतून कपॅसिटरमध्ये ओतली जाते. विहिरीवरची मोट आठवा: खाली भरते, वर थारोळ्यात रिकामी होते, दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. इथे असे फेरे सेकंदाला लाख-दोन लाख होतात.

थोडी ऊर्जा प्रायमरीतच अडकते. मॉस्फेट बंद होताना तिचा टोकदार झटका बसतो, तो स्नबर नावाचं छोटं सर्किट झेलतं.

आता बोर्डवरचा हा पट्टा. काही मिलिमीटर रुंद, त्यात तांबं नाही. ट्रान्सफॉर्मर या पट्ट्यावर बसलाय, आणि शेजारी चार पायांचा छोटा ऑप्टोकपलर.

अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट एकदम वाढतो आणि 12 व्होल्ट किंचित घसरतात. ही बातमी प्रायमरीकडच्या, मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला कळायलाच हवी, पण तारेने कळवली तर विलगीकरणच संपलं. म्हणून ती उजेडाने जाते. सेकंडरीकडची टीएल431 ही आयसी 2.5 व्होल्टच्या आपल्या संदर्भाशी तुलना करते आणि ऑप्टोकपलरमधला एलईडी मंद करते. प्रायमरीकडचा फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा भाग) ते टिपतो, आणि कंट्रोलर मॉस्फेटला प्रत्येक फेऱ्यात थोडा जास्त वेळ चालू ठेवतो. व्होल्टेज पुन्हा जागेवर येतं. या सगळ्या रचनेतला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग हाच.

खांबावरच वीज कोसळली तर मात्र 1500 व्होल्टचं विलगीकरण तग धरणार नाही. उघड्यावरच्या केबलला सर्ज प्रोटेक्टर वेगळा लावावाच लागतो, आणि त्याची अर्थिंग पावसाळ्याआधी तपासावी लागते.