खडूची खूण

परळी वैजनाथ. दर्शनाला येणाऱ्यांना लांबूनच औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. इथं १९७१ पासून वीज तयार होते. अलीकडचे तीन संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे. ते सुरू झाले २००७, २०१० आणि २०१६ साली.

असा संच उभारताना सगळं सामान वेळेवर येईल, असं साइटवरचा जुना माणूस धरून चालत नाही. जनरेटरचा स्टेटरच, म्हणजे त्याचा न फिरणारा भाग, दीडशे-दोनशे टनांचा. बहुचाकी ट्रेलरवर तो माणसाच्या चालीनं येतो. वाटेत एखादा पूल कमजोर निघाला की तिथंच मुक्काम. त्यात आपली काळी माती! दोन पाऊस झाले की कडेला घेतलेला ट्रेलर रुतलाच म्हणून समजा.

पण खरी डोकेदुखी आधी येऊन पडलेल्या सामानाची. बॉयलरचा ड्रम, म्हणजे वाफ आणि पाणी वेगळं करणारं मोठं भांडं, वर चढल्याशिवाय त्याला जोडायच्या ट्यूबा चढत नाहीत. ड्रम अडकला की त्या यार्डात पडून. तोंडाला टोपणं नसतील, तर एका पावसाळ्यात आतून गंजतात.

ट्रान्सफॉर्मर तेल न भरताच येतो, पोटात कोरडा नायट्रोजन घेऊन. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आला की दमट हवा आत शिरते, आतल्या तारांच्या वेटोळ्यांवरचा (वाइंडिंगवरचा) कागद ओल धरतो, आणि तो वाळवायचं काम मागं लागतं. म्हणून काटा रोज बघायचा, वहीत लिहायचा. शेजारी ताडपत्रीखाली मोटार. तिच्या शाफ्टवर खडूची खूण असते. ठरल्या दिवशी शाफ्ट हातानं फिरवायचा, खूण जागा सोडून गेली पाहिजे. एकाच जागी भार राहिला तर बेअरिंगला खड्डे पडतात.

ड्रम येईपर्यंत पाया, कूलिंग टॉवर, राखेची पाइपलाइन अशी कामं पुढं ओढतात. माणसं बसवून ठेवणं परवडत नाही; आणि एचपी वेल्डरची, म्हणजे उच्च दाबाच्या ट्यूबा जोडणाऱ्यांची, टोळी एकदा दुसऱ्या साइटवर गेली, की बोलावूनही लवकर येत नाही.

फेब्रुवारी २०१३. यंत्रं जागेवर होती, पाणी नव्हतं. दुष्काळानं परळीचे चालू संच थांबले.

थांबलेला संचही यार्डातल्या सामानासारखाच सांभाळावा लागतो. बॉयलर रिकामा करून कोरडा ठेवायचा. टर्बाइनचा रोटर अधूनमधून फिरवायचा. मोटारींच्या शाफ्टवर पुन्हा खडूची खूण.