शेवटचे 50 मिलिमीटर

(दृश्य: कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीतला मोल्डिंग विभाग.)

वाळूच्या साच्याची खालची पेटी तयार आहे. तिला ड्रॅग म्हणतात. आत कोअर, म्हणजे पोकळ भागासाठीचे वाळूचे गाभे, बसवून झालेत. आता वरची पेटी, म्हणजे कोप, होइस्टने, म्हणजे भार उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्राने, तिच्यावर अलगद उतरवायची. वजन टनभर, आणि दोन्ही पेट्या जुळवणारी पिन व तिचं भोक (बुश) यांतली फट मिलिमीटरहूनही कमी. कोप तिरकी आली किंवा आदळली, तर आतली वाळू सुटते. त्या क्षणी काहीच दिसत नाही. वाळू धातूत अडकल्याचं कळतं ते मशिनिंगच्या वेळी, सगळा खर्च होऊन गेल्यावर.

शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची तेव्हापासून कोल्हापूर ओतकाम करतंय. वाळू, भट्टी, धातू यांवर इथला कारागीर तासन्‌तास बोलेल. होइस्ट घ्यायची वेळ आली की मात्र पहिला प्रश्न असतो: किती टनाचा?

टन बघायलाच हवेत. पण अचूक कामासाठी आधी विचारायला हवं की शेवटच्या 50 मिलिमीटरमध्ये हा होइस्ट कसा वागतो.

(दृश्य: पेंडंटच्या, म्हणजे होइस्टच्या लोंबत्या बटणपेटीच्या, बटणावर अंगठा.)

मिनिटाला 6 मीटर वेगाचा होइस्ट सेकंदाला 100 मिलिमीटर उतरतो. बटण सोडायला अर्धा सेकंद उशीर झाला, की 50 मिलिमीटर गेलेच. दोन वेगांचा होइस्ट, समजा चारास एक, हाच वेग 25 मिलिमीटरवर आणतो. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं उपकरण, लावून वेग दहाव्या हिश्श्यावर आणला, तर सेकंदाला 10. फरक नुसत्या वेगाचा नाही, थांबण्याचाही आहे. साध्या कॉन्टॅक्टरवर, म्हणजे नुसत्या चालू-बंद स्विचवर, मोटर फिरत असतानाच ब्रेक झडप घालतो आणि भार हिसका खातो. व्हीएफडीत मोटर आधी मंदावते, ब्रेक जवळजवळ थांबलेला भार धरून ठेवतो. ब्रेकचं लायनरही जास्त टिकतं.

साधा होइस्ट असला की ऑपरेटर बटण टकटक दाबत भार खाली आणतो. याला इंचिंग म्हणतात. प्रत्येक टकटक म्हणजे मोटरचा एक स्टार्ट. एका पेटीला दहा वेळा बटण, तासाला 30 पेट्या: झाले 300 स्टार्ट. आता होइस्टची ड्यूटी, म्हणजे तो किती राबू शकतो ते, बघा. एम 5 वर्गाचा, म्हणजेच एफईएम या युरोपीय संघटनेच्या 2एम गटातला होइस्ट तासाला 240 स्टार्टसाठी असतो. टनांचा हिशेब बरोबर असूनही मोटर जळते, ती अशी. कमी किमतीच्या कोटेशनमध्ये ही ओळ बहुतेक वेळा वाचलीच जात नाही, आणि पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

(दृश्य: वायर रोपचा ड्रम, जवळून.)

आणखी एक गोष्ट. साध्या वायर रोप होइस्टमध्ये दोर ड्रमवर एकाच दिशेने गुंडाळला जातो, त्यामुळे हूक वर-खाली होताना बाजूलाही सरकतो. गोदामात हे चालून जातं, पिनवर पेटी बसवताना नाही. तिथे चेन होइस्ट घ्यावा, किंवा ड्रमच्या दोन्ही टोकांकडून दोर गुंडाळणारी रचना मागावी. त्यात हूक सरळ रेषेत राहतो. चेनलाही मर्यादा आहे: मोजक्या खाचांच्या चाकावरून कडी सरकताना बारीक थरथर येते.

आडव्या चालीचं काय? हुकाखाली भार 4 मीटर लोंबत असेल, तर त्याचा एक झोका जवळजवळ 4 सेकंदांचा असतो. होइस्टला आडवं नेणारी ट्रॉली धक्क्याने थांबली, की झोका शमेपर्यंत सगळे हात बांधून उभे. म्हणून ट्रॉलीलाही व्हीएफडी मागा.

हाताचा चेन ब्लॉक मात्र जुनाट समजून काढून टाकू नका. आठवड्यातून एखादा जड डाय बसवायचा असेल, तर त्याच्याइतकं मिलिमीटरचं नियंत्रण स्वस्तात दुसरं कुणी देत नाही.

खरेदीआधी चाचणी मागा, आणि ती रिकाम्या हुकावर नको. आपली पेटी, आपली पिन, आपला ऑपरेटर. भार टेकताच होइस्ट पेलणारा वरचा गर्डर (तुळई) काही मिलिमीटर उसळतो, ते तेव्हाच दिसेल.

आणि पेट्या बंद करायला घेतलेला हा होइस्ट वितळलेल्या धातूच्या लॅडलला, म्हणजे ओतायच्या भांड्याला, कधीही लावू नका. त्या कामाला वरच्या ड्यूटीचा, जादा ब्रेक असलेला, उष्णतेसाठीच बनवलेला होइस्ट लागतो.